‘माझ्याच हातून काहीतरी झालं असेल’

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या दवाखान्यात येतात. निवृत्त मुख्याध्यापिका, वय ६९. गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणते. सोबत यजमान असतात. यजमानांना ११ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली ४ वर्षे इन्सुलिन सुरू आहे. खुर्चीवर बसताच बाईंच्या पिशवीतून चष्म्याच्या घराआधी एक कागद निघत असे. महिनाभराच्या साखरेच्या नोंदींचा, घरच्या संगणकावर तयार करून छापलेला तक्ता. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, रात्री झोपतानाची. शेजारी इन्सुलिनची मात्रा. आणि शेवटच्या रकान्यात ‘लग्नाचे जेवण’, ‘एकादशी’, ‘पावसामुळे चालणे नाही’ असे शेरे. एकदा या शेऱ्यांमुळेच माझ्या लक्षात आले होते, की उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे यजमानांची साखर फार खाली उतरते. त्या रात्रीची मात्रा आम्ही कमी केली आणि एक मोठा धोका टळला.

गेल्या वर्षी हा कागद येणे एकाएकी थांबले. पहिल्या महिन्यात बाई म्हणाल्या, “प्रिंटर बिघडलाय.” दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, “वेळच झाला नाही.” तिसऱ्या महिन्यात मी विचारले, तेव्हा त्या नुसत्याच टेबलाच्या कडेकडे पाहत राहिल्या. त्या दिवशी मी त्यांचा स्वतःचा रक्तदाब मोजला. तो १५६/९४ होता. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. मग यजमानच बोलले. “रात्री झोप नाही हिला. संगणकातलं सगळं गेलं म्हणते. मुलाला सांगू नका असंही बजावलंय.”

घडले होते ते असे. एका रात्री बाईंनी संगणक बंद करताना पडद्यावर ‘अपडेट’ असा शब्द आला. सकाळी यंत्र सुरू केले, तर पडदा निराळाच. चित्र बदललेले, खालच्या पट्टीवरील खुणा जागेवरून हललेल्या आणि ज्या मोकळ्या जागेत त्यांचा ‘ह्यांची साखर’ नावाचा तक्ता असायचा, ती जागा रिकामी. मध्येच इंग्रजीत एक प्रश्न उभा राहिला. त्याचा नीट अर्थ लागण्याआधीच बाईंनी घाबरून एक बटण दाबले. त्यानंतर तीन महिने त्यांनी संगणकाला हात लावला नाही. मुलगा जर्मनीत असतो. नातीशी दर रविवारी मोठ्या पडद्यावर होणाऱ्या गप्पाही बंद झाल्या. मुलाला सांगितले, की इंटरनेट नीट चालत नाही.

“माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “या वयात हे झेपत नाही, हेच खरं.”

वाचकहो, या लेखाचा विषय हे शेवटचे वाक्यच आहे. एकट्या संगणकामुळे बाईंचा रक्तदाब वाढला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. रक्तदाबाला अनेक कारणे असतात. परंतु घरात ज्या यंत्रावर आपले हिशेब, छायाचित्रे, औषधांच्या नोंदी आणि दूरच्या माणसांचे चेहरे अवलंबून आहेत, ते यंत्र रात्रीतून अनोळखी होते आणि त्याचा दोष माणूस स्वतःच्या माथी घेतो, तेव्हा त्या दोषाचे ओझे शरीरालाही वाहावे लागते. या ओझ्याविषयी आपण दवाखान्यात बोलत नाही आणि घरातही बोलत नाही.

दोष नेमका कोणाचा?

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, घरातील कारभाऱ्यासारखी असते. कळफलकावर आपण दाबलेली कळ, पडद्यावर उमटणारे अक्षर, फाइल ठेवण्याची जागा, प्रिंटरला जाणारा निरोप हे सारे तिच्यामार्फत चालते. कारभारी चोख असला, की त्याचे अस्तित्व जाणवत नाही. तो घरातील डबे न विचारता हलवू लागला, की मात्र सगळ्या घराचा ताल बिघडतो.

अमेरिकेतील संज्ञानशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये दैनंदिन वापरातील वस्तूंच्या रचनेविषयी एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल, तर माणूस स्वतःला वेंधळा म्हणतो. वास्तविक ते दारच चुकीचे घडवलेले असते, हे त्यातील एक प्रसिद्ध निरीक्षण. वस्तू जितकी आधुनिक आणि ‘सगळ्यांना सहज जमते’ अशी ख्याती असलेली, तितका माणूस आपली अडचण लपवतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटते, की अडखळणारे आपण एकटेच.

आपण एकटे नसतो, याचे मोठे उदाहरण नजीकच्या इतिहासात आहे. विंडोज ९५ ही प्रणाली १९९५ मध्ये आली, तेव्हापासून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ हे बटण कोट्यवधी लोकांच्या बोटांना पाठ झाले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने ते बटणच काढून टाकले. जगभर तक्रारी झाल्या. संगणक बंद कसा करायचा, येथपासून लोकांना शोधाशोध करावी लागली. एका वर्षाने, ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आले. त्या एका वर्षात कितीतरी घरांत कितीतरी जणांनी ‘मला जमत नाही’ असे म्हटले असेल. चूक त्यांची नव्हती, ती रचनेची होती आणि पुढे रचनाच बदलावी लागली.

हे एकाच कंपनीचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिना या आवृत्तीने ३२-बिट पद्धतीची सारी जुनी सॉफ्टवेअर चालवणे बंद केले. ज्यांनी सूचना नीट न वाचता नवी आवृत्ती घेतली, त्यांची कालपर्यंत चालणारी साधने आज उघडेनाशी झाली. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधील अपडेटनंतर तर काही वापरकर्त्यांच्या फाइल्सच नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. मायक्रोसॉफ्टने त्याचे वितरण थांबवले आणि दुरुस्त करून ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिले. तेव्हा ‘मशीन कधी चुकत नाही, माणूसच चुकतो’ ही आपल्या मनातील समजूत आधी उतरवून ठेवावी.

मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला आणखी काही अडचणी येतात. लिहिता लिहिता अचानक मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे उमटू लागतात. बहुधा बोटाचा चुकून धक्का लागून कळफलकाची भाषा बदललेली असते. विंडोजमध्ये ‘विंडोज’ची कळ आणि ‘स्पेस’ची लांब कळ एकत्र दाबली, की भाषा पुन्हा बदलते. वीस वर्षांपूर्वी जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर नव्या संगणकावर उघडला, तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो फाँट नव्या यंत्रात नसतो, एवढेच. जुना फाँट टाकून किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तो परत वाचता येतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला मात्र आपली वर्षांची मेहनत मातीमोल झाल्यासारखे वाटते.

शरीर या वैतागाचे काय करते?

वैताग ही केवळ मनाची गोष्ट नव्हे. काम अडले, वेळ दवडला जात आहे आणि पुढे काय होणार हे कळत नाही, अशी स्थिती आली, की शरीर तिला संकट समजते. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास उथळ होतो, खांदे नकळत कानांकडे चढतात, जबडा आवळला जातो. वाघ समोर असता, तर या तयारीचा उपयोग झाला असता. पडद्यावर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांसमोर तिचा काहीही उपयोग नसतो. तयारी अंगातच राहते आणि मान, पाठ, पोट व झोप यांवर तिचा भार पडतो.

याच्या जोडीला डोळे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. ज्यांचा चष्मा दोन भिंगांचा आहे, ते खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर उचलतात. तासाभराने मानेत कळ येते आणि ती ‘संगणकाची चिडचिड’ म्हणून नोंदली जाते. देवनागरीचे बारकावे तर लहान अक्षरांत आणखी निसटतात. अनुस्वार दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, मग माणूस पुढे वाकतो आणि दुखणे वाढवतो.

वाट पाहण्याचेही एक शास्त्र आहे. संगणकाने किती वेळात उत्तर दिले पाहिजे, याविषयी रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये विचार मांडला आणि जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तो तीन मर्यादांत सांगितला. एका सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला, तर तो तत्काळ वाटतो. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे मात्र लक्ष टिकत नाही. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखवले, की काम किती टक्के झाले हे सांगणारा पट्टा दिसत असेल, तर लोकांना वाट पाहणे पसंत पडते. बसस्थानकावरील आपला अनुभव याहून वेगळा नाही. गाडी अर्ध्या तासाने आहे हे कळले, तर आपण वर्तमानपत्र उघडतो. ‘येईल’ एवढेच कळले, तर दर मिनिटाला रस्त्याकडे पाहून थकतो. माणसाला विलंबापेक्षा अनिश्चितता अधिक दमवते.

हात टेकणे आणि हात चालवणे

बाईंनी तीन महिने संगणक उघडला नाही, याकडे मी डॉक्टर म्हणून सर्वांत गंभीरपणे पाहिले. मानसशास्त्रात याच्याशी जुळणारी एक संकल्पना आहे. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या प्राण्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के बसले होते, त्यांतील बरेचसे पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असूनही जागचे हलले नाहीत. या स्थितीला ‘शिकलेली असहायता’ असे नाव मिळाले. आजच्या नैतिक दृष्टीला असे प्रयोग खटकतात. परंतु त्यांतून निघालेला विचार पुढे माणसांच्या नैराश्याच्या अभ्यासातही उपयोगी पडला.

त्याहून महत्त्वाचे पुढे घडले. सुमारे ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोन शास्त्रज्ञांनी मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, असे त्यांनी मांडले. दीर्घकाळ त्रास झाला, की निष्क्रिय होणे ही शरीराची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावे लागते ते नियंत्रण. ‘मी काही केले, तर परिस्थिती बदलते’ हा अनुभव मेंदूच्या पुढच्या भागात नोंदला गेला, की ती निष्क्रियता आवरली जाते.

घराघरांतील संगणकासाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘आई, तू हात लावू नकोस, मी करून देतो’ या प्रेमळ वाक्याने काम होते, पण आईला नियंत्रणाचा अनुभव मिळत नाही. पुढच्या वेळी ती आणखी लवकर हात टेकते.

मग अपडेट बंदच ठेवावे का?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अपडेटचे काम बरेचसे लसीसारखे आहे. प्रणालीत सापडलेल्या फटी त्याने बुजवल्या जातात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ते न घेतलेली यंत्रे मोठ्या प्रमाणावर बळी पडली.

सध्या अनेक घरांत याच कारणाने चिंता आहे. विंडोज १० साठी मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत आणि फाइल्सही कुठे गेल्या नाहीत. नव्या फटी बुजणे मात्र थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने, उत्तम चालणारे अनेक जुने संगणक त्यात बसत नाहीत. ‘चांगला चालणारा संगणक टाकून द्यायचा का?’ हा घरातील ज्येष्ठांचा राग रास्त आहे. अशा वेळी चार वाटा आहेत. यंत्र पात्र असेल, तर विंडोज ११ घ्यावे. विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदणी केल्यास घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा आपल्याकडील सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ अशी मोफत प्रणाली जाणकाराकडून जुन्या यंत्रावर बसवून घेता येते. हे काहीच शक्य नसेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ लेखन-हिशेबासाठी ठेवावा आणि बँकेचे व्यवहार त्यावर मुळीच करू नयेत.

घरासाठी काही पथ्ये

पथ्य हा शब्द येथे मुद्दाम वापरत आहे. औषध आजार झाल्यावर घेतात. पथ्य रोज पाळायचे असते.

१. संगणकाची वही ठेवावी. साधी शंभर पानी वही पुरे. कोणती फाइल कोणत्या नावाने कुठे आहे, काल काय बदलले, कोणता संदेश आला आणि आपण काय उत्तर दिले, हे तारखेसह लिहावे. अनोळखी संदेश दिसला, की बटण दाबण्याआधी मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढावे. नव्या संगणकांत साठवण बहुधा आपोआप कुलूपबंद केलेली असते. तिची ‘रिकव्हरी की’ म्हणजे लांबलचक क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून कपाटात महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावा.

२. अपडेटची वेळ आपण ठरवावी. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ या ठिकाणी आपले कामाचे तास नोंदवले, की त्या वेळात यंत्र स्वतःहून बंद-चालू होत नाही. काही दिवस अपडेट थांबवून ठेवण्याचीही सोय आहे. महिन्यातून एक निवांत दुपार यासाठी राखावी. प्रवासाच्या, परीक्षेच्या किंवा कर भरण्याच्या आदल्या रात्री मोठे अपडेट सुरू करू नये.

३. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. संगणकात एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी आणि ऑनलाइन साठवणीत किंवा भावा-बहिणीच्या घरी तिसरी. ज्याला आपली प्रत सुरक्षित असल्याचे ठाऊक आहे, तो अपडेटच्या रात्री शांत झोपतो.

४. अक्षरे मोठी करावीत. प्रणालीच्या ‘डिस्प्ले’ विभागात सर्व मजकूर १२५ किंवा १५० टक्के करता येतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. दोन भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहावे.

५. यंत्र अडले, तर आधी खुर्ची सोडावी. दहा सेकंदांत काही घडले नाही, तर पुन्हा पुन्हा तेच बटण दाबल्याने यंत्रासमोर कामांची रांगच वाढते. उठावे, पाणी प्यावे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. असे पाच-सहा श्वास झाल्यावर परत यावे, पडद्यावरील वाक्य मोठ्याने वाचावे आणि मगच उत्तर द्यावे. बहुतेक प्रश्नांना ‘नंतर’ किंवा ‘रद्द’ हे उत्तर चालते. यंत्र आपल्या सोयीने थांबू शकते.

६. भीतीचा फायदा घेणाऱ्यांना ओळखावे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश कर्कश आवाजासह पडदाभर आला, तर तो हमखास फसवणुकीचा असतो. प्रणालीची खरी सूचना फोन क्रमांक देत नाही. दूरवरून आपला संगणक चालवू देणारे कोणतेही साधन अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि घरच्यांना सांगावे. लाजेमुळे गेलेला वेळ चोराच्या पथ्यावर पडतो.

माऊस कोणाच्या हाती?

आता बाईंकडे परत येते. त्यांच्या यजमानांची परवानगी घेऊन एका रविवारी मी माझ्या पुतण्याला त्यांच्या घरी नेले. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खोलीत शिरताच तो खुर्चीवर बसला, माऊस हाती घेतला आणि त्याची बोटे भराभर चालू लागली. बाई मागे सरकून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. दोन्ही हात पदराखाली. तीस वर्षे ज्यांनी वर्ग सांभाळला, त्या बाई शिक्षा झालेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

मी पुतण्याला हळूच म्हटले, “उठ. आणि हात खिशात ठेव.”

तो ओशाळला, पण उठला. बाई खुर्चीवर बसल्या. त्यानंतरची वीस मिनिटे त्याने फक्त तोंडाने सांगितले. “आजी, खाली भिंगासारखं चित्र दिसतंय? त्यावर एकदा दाबा. आता तिथं ‘साखर’ असं लिहा.” बाईंनी एकेक अक्षर शोधून लिहिले. एकदा भाषा बदलली गेली, एकदा चुकीची खिडकी उघडली. पुतण्याचा हात दोनदा खिशातून बाहेर आला आणि परत आत गेला. अखेर पडद्यावर एक ओळ उमटली: ‘ह्यांची साखर’.

तक्ता कोठेही गेला नव्हता. अपडेटनंतर प्रणालीने बाईंच्या फाइल्स ऑनलाइन साठवणीशी जोडलेल्या दुसऱ्या कप्प्यात हलवल्या होत्या, एवढेच. इंग्रजीतील त्या प्रश्नाने बहुधा हीच परवानगी मागितली होती. बाईंनी काहीही बिघडवले नव्हते. न कळणाऱ्या भाषेतील प्रश्नाला त्यांनी केवळ उत्तर दिले होते.

बाईंनी सहा वर्षांच्या नोंदी एकदा वरून खालपर्यंत पाहिल्या. मग पुतण्याला म्हणाल्या, “आता हे पुन्हा सगळं बंद कर. म्हणजे, मीच करते. मला पहिल्यापासून एकदा शोधू दे.” त्यांनी तसे तीनदा केले. निघताना पुतण्या मला म्हणाला, “काकू, मला दोन मिनिटं लागली असती.” मी म्हटले, “खरं आहे. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दोन मिनिटं लागली असती.”

शिकवणाऱ्या तरुणांसाठी एवढेच सांगणे आहे. माऊस ज्येष्ठांच्या हाती राहू द्या. एका बैठकीत एकच गोष्ट सांगा. ‘हे तर सोपं आहे’ असे म्हणू नका, कारण सोपी गोष्ट न जमण्यासारखे दुःख नाही. त्याऐवजी ‘यांनी हे उगाच बदललंय’ म्हणा. बहुतेक वेळा ते खरेही असते. आणि ज्येष्ठांनी हे लक्षात घ्यावे, की विचारणे म्हणजे हार मानणे नव्हे. औषधाची मात्रा आपण निःसंकोच विचारतो, तसेच हेही विचारावे.

बाईंचा रक्तदाब पुढील महिन्यांत उतरला. त्यात मिठावरील नियंत्रणाचा, सकाळच्या चालण्याचा आणि मी सुरू केलेल्या गोळीचा वाटा आहेच. परत आलेल्या झोपेचा वाटा किती, हे मला मोजता येणार नाही. यजमानांच्या साखरेचे मात्र मला पुन्हा नीट सांगता येते. मधल्या तीन महिन्यांच्या जागी तक्त्यात कोरे रकाने आहेत आणि त्यांच्यासमोर शेऱ्यात बाईंनी लिहिले आहे: ‘नोंद नाही. संगणक बदलला होता.’

गेल्या सोमवारी त्यांनी पिशवीतून कागदासोबत एक शंभर पानी वही काढली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवले. रात्री नऊ वाजता पडद्यावर पुन्हा एक प्रश्न आला होता. बाईंनी त्याचे छायाचित्र काढले, प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि शब्दकोशात पाहिला.

“मग काय उत्तर दिलंत?” मी विचारले.

“म्हटलं, नंतर,” बाई म्हणाल्या. “ह्यांचं जेवण व्हायचं होतं.”